चैत्र-वैशाखांतला गळ आणि खाडीकांठचा बागाईतदार

शेतकीच्या मासिकांत गळाच्या मासेमारीचा विषय कशाला, असा प्रश्न घाटावरील वाचक करतील, व तो वाजवीही आहे. त्यांना एवढेंच सांगणें आहे कीं, सिंधुदुर्ग जिल्ह्यांत शेतकऱ्याचें शेत जेथें संपतें तेथेंच पुष्कळ ठिकाणीं खाडी सुरू होते. त्याच्या माडांच्या मुळांशीं भरतीचें पाणी खेळतें, त्याच्या खारजमिनीचा बांध हाच खाडीचा कांठ असतो, आणि आंब्यावर फवारलेल्या औषधाचा शेष पावसाच्या पहिल्या लोंढ्याबरोबर त्याच पाण्यांत उतरतो. तेव्हां खाडींत काय पोसलें जातें व काय मरतें, हा त्याच्या घरचाच प्रश्न होय.

हा प्रश्न आतां नव्यानें उपस्थित होण्याचें कारण पाहुणे. १९९७ सालीं सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, आणि तेव्हांपासून मालवण, तारकर्ली, देवबाग या बाजूस आंब्याच्या दिवसांत येणाऱ्या लोकांची रीघ वाढतच गेली. कोणी किल्ला पाहण्यास येतो, कोणी पाण्याखालीं बुडी मारून प्रवाळ पाहतो. अलीकडे त्यांत एक निराळा पाहुणा दिसूं लागला आहे. त्याच्या खांद्यावर लांब पिशवी असते, पिशवींत दोन-तीन काठ्या, चक्र्या, बारीक दोर आणि रंगीत खोटे मासे असतात. एखाद्या काठीची किंमत ऐकून आमच्याकडील मनुष्य गाभण म्हशीचा हिशेब करूं लागतो. या गृहस्थास मासा खावयाचा नसतो, मासा पकडावयाचा असतो. आणि पकडल्यावर छायाचित्र काढून तो पुष्कळदा परत सोडावयाचाही असतो. खाडीकांठच्या कांहीं बागाईतदारांनीं अशा पाहुण्यांस घरीं उतरवून, होडी मिळवून देऊन चार पैसे मिळविण्यास आरंभ केला आहे.

यावर आमच्यांत दोन मतें ऐकूं येतात. एक पक्ष म्हणतो, हा रिकामटेकड्यांचा क्रूर खेळ आहे, त्यास दारीं उभें करूं नये. दुसरा म्हणतो, खाडी कोणाच्या बापाची नव्हे. येईल त्यास येऊं द्यावें, देईल तें घ्यावें. आमचें मत असें कीं, दोन्ही पक्ष चुकीचे आहेत. पाहुण्यास अवश्य येऊं द्यावें. परंतु तो आपल्या खाडीच्या अटींवर यावा, आणि त्या अटी खाडीकांठच्या लोकांनीं आधीं ठरवाव्या. त्या कोणत्या असाव्या हें कळण्यास उन्हाळ्यांतील पाण्याची स्थिति थोडी तपशिलानें पाहिली पाहिजे.

फाल्गुन सरतां सरतां उत्तरेचे वारे ओसरतात आणि चैत्रांत समुद्र निवळतो. पहांटे जमिनीवरून मतलई वारा वाहतो, दहाच्या सुमारास तो पडतो, आणि दुपारनंतर वायव्येकडून खारा वारा उठून पाण्यावर पांढरे तुरे आणतो. लहान उलांडीची होडी घेऊन खडकांपाशीं जावयाचें तर पहांटेपासून दहापर्यंतचाच वेळ सोयीचा. अरबी समुद्राचें पाणी वर्षांत सर्वांत अधिक तापतें तें एप्रिल-मे महिन्यांत. आपल्या किनाऱ्यालगत वरच्या थराची उष्णता या दिवसांत २९ ते ३० अंश सेंटिग्रेडच्या आसपास असते, व उथळ खाडींत त्याहूनही चढते. अशा वेळीं मासा दुपारी खोल पाण्याचा किंवा कांदळवनाच्या सावलीचा आश्रय घेतो आणि झुंजुमुंजु व तिन्हीसांजा या दोनच वेळीं चाऱ्यास बाहेर पडतो. मे महिन्याच्या उत्तरार्धांत दक्षिणेकडून लांब लाटा येऊं लागतात, पाणी गढूळ होतें, आणि मग शहाण्यानें होडी वर ओढावी. गेल्या कांहीं दशकांत अरबी समुद्र एकंदर तापत चालला आहे, आणि त्याबरोबर वादळांचें भयही वाढलें आहे; मे २०२१ मध्यें तौक्ते वादळानें देवगड-मालवणकडील बागांचें व होड्यांचें जें नुकसान केलें तें वाचक विसरले नसतीलच. पाहुणा कितीही उत्सुक असो, हवामानखात्याचा इशारा असतां होडी सोडूं नये, ही पहिली अट.

भरतीचें गणित आमच्या वाडवडिलांस पंचांगावरून येत असे. तिथीची पाऊणपट करावी म्हणजे पूर्ण भरतीची घटका सांपडते: अष्टमीस सहा, द्वादशीस नऊ. हा ठोकताळा मुंबईचा. मालवणास भरती कांहींशी आधीं येते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणास खाडीच्या मुखाशीं ओढ इतकी असते कीं शिसें तळाशीं टिकत नाहीं. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते तेव्हां पाणी मंद चालतें. गळास मासा लागतो तो बहुधा पाणी वळून चालूं लागतें तेव्हां. शहरांतील हौशी मनुष्य सुटी पाहून येतो, तिथि पाहून येत नाहीं. आणि मग दोन दिवस बसून एक शेंगटी घेऊन जातो, तीही कांटा मारून त्याचा हात सुजवून गेलेली. पाहुण्यास बोलावणें धाडण्याआधीं यजमानानें पंचांग उघडावें.

उन्हाळा हा बाजारच्या मासळीचा हंगाम नव्हे. बांगडा, इसवण यांचे भरपूर दिवस नारळी पौर्णिमेपासून थंडीपर्यंतचे. चैत्रांत ते विरळ होतात व भाव चढतो. उलट खाडींत याच दिवसांत रंग भरतो. नद्यांचें गोडें पाणी आटल्यामुळें गड नदीच्या कालावल खाडींत, कर्लींत, आचऱ्यास, तेरेखोलांत खारें पाणी पुष्कळ आंतपर्यंत चढतें, आणि त्याच्याबरोबर चोणक, तांबोशी, कोकर हे शिकारी मासे आंत शिरतात. खडकांच्या कपारींत गोबरा बसलेला असतो. पुळणीवर मुडदुशी लागते. काळुंदर लहान गळास व कोळंबीच्या तुकड्यास येतें. शेवटे मात्र गळाकडे ढुंकून पाहत नाहींत, त्यांना पागच हवा. हौशी पाहुण्यास खरी ओढ असते ती चोणकाची, कारण तो गळ लागतांच पाण्याबाहेर उसळी मारतो व दोर तोडण्याचा सर्व प्रयत्न करतो.

येथेंच मुख्य मुद्दा येतो. चोणक जन्मतः मादी नसतो. पहिलीं कांहीं वर्षें तो नर म्हणून जगतो आणि पुढें वाढ पूर्ण होत आली म्हणजे त्याची मादी होते. म्हणजे खाडींतील मोठमोठे चोणक बहुतेक सर्व माद्याच होत. त्यांची अंडीं घालण्याची वेळ पावसाळ्याच्या तोंडावर, आणि जागा खाडीच्या मुखाशीं. म्हणजे वैशाखांत गळास लागणारा मोठा चोणक म्हणजे लाखों अंडीं पोटांत वाढविणारी गाभण मादी. पाहुण्याला हवी असते नेमकी तीच, कारण छायाचित्रांत ती मोठी दिसते. गोबऱ्याची गोष्ट उलट आहे. तो आधीं मादी असतो व मागाहून नर होतो. मोठे गोबरे काढून घेतले तर कपारींत माद्याच माद्या उरतात. तांबोशीचें आणखी निराळें. खाडींत सांपडणारी तांबोशी हें पोरच असतें. तिची वाढ सावकाश होते, कांहीं वर्षें कांदळवनाच्या मुळांत काढून ती बाहेरच्या खोल खडकांकडे जाते व तेथें विते. खाडींतली प्रत्येक तांबोशी मारणें म्हणजे कलम धरण्याआधींच त्याचें सरपण करणें. जो आपल्या बागेंत फळ धरणारें झाड तोडीत नाहीं व रोपही उपटीत नाहीं, त्यास हें अधिक समजावून सांगण्याची गरज नसावी.

कायद्यानें या दिशेनें एक पाऊल टाकलें आहे. २०२३ सालीं राज्य सरकारनें ५४ जातींच्या जलचरांस किमान लांबी ठरवून दिली. त्याहून लहान माल धरूं नये, विकूं नये, असा त्याचा आशय. नियम चांगला आहे. पण तो फक्त लहानांचें रक्षण करतो, मोठ्या मादीचें करीत नाहीं. ऑस्ट्रेलियांत याच चोणकास बारामुंडी म्हणतात. तेथील क्वीन्सलंड प्रांतांत ५८ सेंटिमीटरहून लहान व १२० सेंटिमीटरहून मोठा, असे दोन्ही मासे सोडून द्यावे लागतात, आणि प्रांताच्या पूर्व किनाऱ्यावर अंडीं घालण्याच्या काळांत, १ नोव्हेंबरपासून १ फेब्रुवारीपर्यंत, त्याची मासेमारी बंद असते. तरीही त्या माशासाठीं दूरदूरचे लोक तेथें पैसे खर्चून जातातच. आमच्या खाडींत सरकारनें असा नियम करण्याची वाट पाहण्याचें कारण नाहीं. पाहुणा ज्याच्या ओट्यावर उतरतो त्यानेंच तो सांगावा. एका वावेच्या आंत-बाहेरचे वाद घालीत न बसतां, मे महिन्यांत मोठा चोणक घरीं न्यावयाचा नाहीं, एवढें म्हटलें तरी पुरे.

आतां कोणी म्हणेल, सोडला म्हणजे झालें. तसें नाहीं. तापलेल्या पाण्यांत प्राणवायु कमी मावतो. २० अंशांच्या गोड्या पाण्यांत एका लिटरमागें सुमारें ९ मिलिग्रॅम प्राणवायु राहूं शकतो, ३० अंशांच्या पाण्यांत साडेसात, आणि तेंच पाणी समुद्रासारखें खारट असेल तर सहाच्या थोडा वर. अशा पाण्यांत भर दुपारीं बारीक दोरावर वीस मिनिटें झुंजविलेला मासा थकून इतका गळतो कीं सोडल्यावर पोहत गेलेला दिसला तरी थोड्या वेळानें तळाशीं मरून पडण्याची शक्यता फार. म्हणून दोर जाड घ्यावा व झुंज लवकर आटपावी. गळाचा उलटा कांटा पकडीनें दाबून टाकावा म्हणजे तो सहज निघतो. मासा कोरड्या हातानें धरूं नये, जबड्यास लोंबकळवूं नये, आणि छायाचित्र काढावयाचेंच तर तो पाण्यांत धरून काढावें. नऊ-दहा वाजल्यानंतर गळ बंद. ज्यास हें जमत नाहीं त्यानें मासा मारून खावा, तें अधिक प्रामाणिक. पण मग एक खाण्यापुरता, आणि मोठी मादी नव्हे. खोल खडकांवरून ओढलेल्या माशाचा पोटांतील वाताशय फुगून तो उलटा होतो. तो सोडून उपयोग बहुधा नसतोच, म्हणून अशा ठिकाणीं ‘सोडण्यासाठीं’ मासेमारी करणें हें निव्वळ ढोंग होय.

दोन गोष्टी पाहुण्यास आधींच सांगाव्या. सिंधुदुर्ग किल्ला व पद्मगड यांच्या भोंवतालचा समुद्र १९८७ सालीं मालवण सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाला आहे. त्याचें क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर. स्थानिक मच्छिमारांचा त्यास पहिल्यापासून विरोध आहे, व तो वाद येथें उगाळण्याचें प्रयोजन नाहीं; पण घटकाभर खेळावयास आलेल्याने तरी हद्दीची चौकशी वनखात्याकडे केल्यावांचून तेथें गळ टाकूं नये. दुसरें असें कीं, राक्षसी गोबरा व देवमाशाएवढा वाढणारा ठिपक्यांचा मोठा मुशी हे वन्यजीव कायद्यानें संरक्षित आहेत. ते लागले तर दोर तोडावा.

गाबीत बांधवांची शंका याहून मोठी आहे, व ती आम्हांस पटते. त्यांचें म्हणणें असें: वर्षभर आम्हीं जाळीं ओढावीं, आणि बाहेरच्यानें येऊन खेळ म्हणून आमच्या ताटांतला घांस उचलावा काय? प्रमाणाचा विचार केला तर गळानें जाणारी मासळी किरकोळ आहे. या किनाऱ्याची खरी तक्रार पर्ससीन जाळ्यांची, रात्रीं प्रखर दिवे लावून होणाऱ्या मासेमारीची, आणि परप्रांतांतून येणाऱ्या वेगवान ट्रॉलरांची आहे. पर्ससीनवर राज्यानें फेब्रुवारी २०१६ मध्यें निर्बंध घातले, दिव्यांच्या मासेमारीवर केंद्र सरकारनें २०१७ सालीं बंदी केली, २०२१ सालीं राज्याच्या कायद्यांतील दंड वाढविण्यांत आले. आणि तरीही मालवणच्या बंदरावर दर हंगामांत याच कारणानें मोर्चे निघतात. पण गळ निरुपद्रवी आहे एवढ्यानें शंकेचें उत्तर होत नाहीं. उत्तर असें कीं, पैसा त्यांच्या हातीं गेला पाहिजे. होडी, खडकांची माहिती, पाण्याची ओढ ओळखण्याची नजर हें सर्व गाबिताचें आहे. बागाईतदाराचें काय, तर ओटा, विहीर आणि उतरण्याची पायरी. रापणींत मासळीचे वाटे पडतात: ओढणाऱ्या माणसाचा वाटा, जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा. तोच न्याय येथें लावावा. पाहुण्याकडून येणाऱ्या रकमेंत माणसाचा व होडीचा वाटा आधीं, जागेचा मागून. आणि आम्ही तर म्हणतों, एक वाटा खाडीचाही काढावा व त्यांतून कांदळवनाची रोपें, कचऱ्याच्या बोचक्यांची उचल असलीं कामें करावीं. जो बागाईतदार गाबिताला मजुरीवर ठेवून सगळी रक्कम गांठीस मारील त्याच्या दारीं दोन वर्षांत भांडण उभें राहील, आणि आमची सहानुभूति त्याच्याकडे असणार नाहीं.

गळवाल्यांकडून खाडीस एक लाभही होतो, आणि तो जुना आहे. एच. एस. थॉमस हा दक्षिण कानड्याचा कलेक्टर गळाचा मोठा षोकी. १८७३ सालीं त्यानें ‘द रॉड इन इंडिया’ हें पुस्तक लिहिलें. पण त्याआधींच त्यानें नद्यांतील मासळीच्या नाशाविषयीं, बारीक आंसांच्या जाळ्यांविषयीं व विषप्रयोगाविषयीं सरकारास कळविलें होतें. पाण्यांत सुरुंग फोडणें व विष घालणें यांस गुन्हा ठरविणारा हिंदुस्थानचा मत्स्यकायदा पुढें १८९७ सालीं झाला. ज्यास मोठा मासा पाहण्याची हौस आहे त्याला नदी राखण्याची गरज इतरांआधीं कळते. अगदीं अलीकडचें उदाहरण कावेरीचें. तेथील अभयारण्यांतील गळाचे तळ २०१२ च्या सुमारास बंद झाले, तेव्हां गळवाल्यांचें म्हणणें असें पडलें कीं आमची ये-जा थांबली म्हणजे सुरुंगवाल्यांस रान मोकळें होईल. या म्हणण्यांत स्वार्थ आहेच, पण तें पोकळ नाहीं: जेथें माणसाची नजर असते तेथें चोरी कमी होते, हें आंब्याच्या राखणदारास ठाऊक आहे.

आणि चोर कोण, हेंही स्पष्ट बोललें पाहिजे. पाहुण्यास नियम सांगणाऱ्या आमच्या गांवांत वैशाखांत नदीच्या कोंडी आटल्या कीं काय होतें? पूर्वीं गेळफळें किंवा रामेठ्याची साल कुटून घालीत. तेंही वाईटच होतें, पण कोंड कांहीं दिवसांत पूर्ववत् होई. आतां ब्लीचिंग पावडर आणि फवारणीचें उरलेलें औषध ओततात. त्यानें मासा, खेंकडा, कोळंबी, त्यांचीं पिलें, सर्व एकदम मरतात, आणि तेंच पाणी खालच्या वाडीचीं गुरें पितात. मृगाचा पहिला पाऊस पडला कीं रात्रीं बत्त्या घेऊन चढणीच्या माशांवर सारा गांव तुटून पडतो. ते मासे आमच्या भातखाचरांत अंडीं घालण्यास चढत असतात; एका रात्रींत वर्षाचें बीं आम्हीं कालवणांत घालतों. चढणीच्या माशांची चव आम्हांसही ठाऊक आहे, व हें लिहितांना जिभेस पाणी सुटत नाहीं असें नाहीं. तथापि पहिल्या पावसाचे चार दिवस ओहोळांत खोंईन लावूं नये व खाचराच्या तोंडाशीं जाळें आडवें घालूं नये, एवढा निर्बंध प्रत्येक वाडीनें देवळांत बसून घालून घेण्यासारखा आहे. आपल्या आजोबांच्या काळीं तारली इतकी लागे कीं ती माडांच्या आळ्यांत खत म्हणून पुरीत. समुद्र कधीं आटत नाहीं ही समजूत त्या आळ्यांतच रुजली. केरळांत २०१२ सालीं सुमारें ४ लाख टन तारली मिळाली होती. २०२१ सालीं ती साडेतीन हजार टनांच्याही आंत आली. तारली अशी वरखालीं होतच असते, तिला पाण्याच्या हवामानाचेंही कारण असतें. पण खाडींतल्या चोणकास पुनः भरून येण्यास तारलीइतका वेग नाहीं.

राहतां राहिली खारबांधाची गोष्ट, आणि ही सर्वस्वी शेतकऱ्याच्याच हातची आहे. मुंबई इलाख्यांत खारजमिनींचा कायदा १९४८ सालीं झाला व महाराष्ट्रांत १९७९ सालीं नवा आला; त्यामुळें बांध पक्के झाले, भात वांचलें, हें खरें. परंतु चोणकाचीं पिलें पावसाळ्यांत खाडीच्या मुखाकडून आंत येतात तीं उथळ दलदलींत, भरलेल्या खाचरांत व कांदळवनांत वाढण्यासाठीं. बांधाच्या उघाडीचें झांकण एकाच बाजूस उघडतें: पाणी बाहेर जातें, आंत कांहीं येत नाहीं. बांधाबाहेरचीं कांदळवनें तोडण्यास तर मुंबई उच्च न्यायालयानें २००५ पासून मनाई केलीच आहे, व तोडणाऱ्याच्या बांधास लाटेचा मार पहिल्याच उधाणास कळतो. उघाडीपुरतें बोलावयाचें तर, श्रावणांत नदीला पूर असतां खाडीच्या वरच्या भागांतलें पाणी जवळजवळ गोडेंच असतें. अशा दिवसांत तोंडास लावून पाहावें; खारट लागत नसेल तर भरतीच्या वेळीं एखादें झांकण ओंडक्यानें अर्धवट उचलून ठेवावें, व पूर ओसरतांच पूर्ववत् करावें. मुखाजवळच्या खारींना हें लागू नाहीं, तेथें भात जळेल. पण कर्ली व गड या नद्यांच्या वरल्या अंगास ज्यांच्या खारी आहेत त्यांनीं यंदा एका उघाडीवर प्रयोग करून, आंत कोणतीं पिलें आलीं, किती दिवस राहिलीं, भातास कांहीं इजा झाली कीं काय, हें दसऱ्यापर्यंत टिपून ठेवावें व सोसायटीकडे पाठवावें. आलेलीं टिपणें या मासिकांत छापण्यांत येतील.